आशूला अडवायला काढलेली सहल

सप्टेंबर आला की मला इटलीचा राग येतो.

अख्ख्या देशाचा राग धरणं छत्तिशी ओलांडलेल्या बाईला शोभत नाही, हे मला कळतं. इटलीनं माझं काय वाकडं केलंय? उलट आठ दिवस छान ऊन दिलं, पोटभर जेवू घातलं, आमचं तोडकंमोडकं इटालियन हसून सहन केलं. तरीही आइंडहोवनच्या शनिवारच्या बाजारात काळ्याभोर द्राक्षांच्या पेट्या लागल्या की माझं नाक आपोआप मुरडतं. आमचा नेहमीचा फळवाला एक घड उचलून 'इटलीची आहेत, साखर आहे साखर, चाखून बघा' असं डचमध्ये ओरडत असतो. मी चाखत नाही. सफरचंदं घेते, सायकलच्या पिशवीत टाकते आणि घरी येते.

इथला सप्टेंबर मुळात लबाड. तीन दिवस असं ऊन देतो की वाटावं, उन्हाळा अर्ध्या वाटेतून माघारी आला. लोक पुन्हा अर्ध्या चड्ड्या घालून बाहेर बसतात, गांधीलमाश्या सरबताच्या ग्लासांवर घोंघावतात, आणि चौथ्या दिवशी सकाळी सायकल काढावी तर सीट दवानं ओलीचिंब. संध्याकाळ रोज थोडी थोडी लवकर आवरती घेतली जाते. ऑफिसात सुट्टीवरून परतलेली मंडळी कॉफीच्या मशीनपाशी उभी राहून आपापला उन्हाळा सांगत असतात. त्यात एक तरी टस्कनीहून आलेला असतोच. तो टेकड्यांवरच्या गावांबद्दल, सुरूसारख्या त्या उंच झाडांबद्दल, वाइनबद्दल बोलायला लागला की मी 'हो का, छान' म्हणते आणि कप घेऊन जागेवर जाते. मला त्या टेकड्या पाठ आहेत. पाच वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मी माझ्या मैत्रिणीला तिथं घेऊन गेले होते. तिनं मला सोडून भारतात परत जाऊ नये, म्हणून नेलं होतं.

ती अश्विनी, म्हणजे आशू. तासगावजवळच्या एका खेड्यातली, द्राक्षबागाइतदाराची एकुलती मुलगी. मी पुण्याची, कोथरूडची. आमची गाठ पडली टिलबर्गला, मास्टर्सच्या पहिल्या आठवड्यात, एका भाड्याच्या घराच्या सामाईक स्वयंपाकघरात. मी सुपरमार्केटातून आणलेली द्राक्षं नळाखाली धरून चोळचोळून धूत होते. मागून आवाज आला, "अगं, अंघोळ घालतीस का त्यांना?" तिनं माझ्या हातातून घड घेतला, देठाला धरला, उन्हाकडे करून बघितला आणि म्हणाली, "बिचारी. किती हातांतनं गेलीत." मग तिनं मला समजावलं की चांगल्या द्राक्षावर एक पांढुरकी पावडर असते, ती द्राक्षाची स्वतःची असते, आणि बागेतला माणूस घडाला कधी बोट लावत नाही, फक्त देठाला धरतो. मी अर्थातच वाद घातला. फवारण्या, कीटकनाशकं वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "धू की. धुऊन खा. पण चोळू नको."

त्यानंतर सात वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो. दोन टिलबर्गला, पाच आइंडहोवनला. मी चिप बनवण्याच्या यंत्रांच्या कामात, ती गोदामांच्या सॉफ्टवेअरमध्ये. एकीला ताप आला की दुसरी मऊ भात करायची. एकीच्या घरून फोन आला की दुसरीही त्यात डोकं घालून 'काकू, बऱ्या आहात ना' करायची. माझ्या आईला आशूसाठी स्थळ बघायचं होतं आणि तिच्या आईला माझ्यासाठी. आम्ही दोघींनी एकमेकींच्या आयांना गप्प बसवायचं काम वाटून घेतलं होतं. घरात माणूस असणं म्हणजे काय, हे ते माणूस असेपर्यंत कळत नाही. संध्याकाळी कुलूप काढताना आत दिवा दिसायचा, एवढंच.

त्या वर्षी जूनमध्ये तिच्या वडलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा हलका झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण उजवा हात कात्री धरेना. द्राक्षबागाइतदाराचा हात कात्री धरत नाही म्हणजे काय, हे मला आशूच्या तोंडाकडे बघून कळलं. चुलतभाऊ म्हणत होता, बाग दुसऱ्या कुणाला तरी कसायला देऊ. अण्णा काहीच म्हणत नव्हते. 'तू ये' असंही नाही. नेमकं त्याच वेळी इकडे आशूला कायमचं कॉन्ट्रॅक्ट देऊ केलं. तिनं कंपनीकडून सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ मागून घेतला. गावाकडे द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरात होते. म्हणजे तारखा अशा जुळून आल्या होत्या की पळवाटच नव्हती.

हे सगळं तिनं फक्त मला सांगितलं होतं. आणि मी काय केलं, तर सहल काढली.

माझं डोकं तेव्हा किती जोरात चाललं होतं! युरोपात राहण्याचं सुख तिच्या अंगात पुरतं भिनलेलं नाही, असं माझं निदान होतं. सात वर्षं नुसतं ऑफिस, पाऊस, सायकल, वाण्याची यादी. खरा युरोप दाखवला पाहिजे. मग कुठे न्यावं? तिला काय आवडतं? द्राक्षं. द्राक्षं कुठे, कधी? टस्कनीत, सप्टेंबरात, तोडणीच्या दिवसांत. ठरलं. बागेची आठवण येणाऱ्या मुलीला बागेत न्यायचं, म्हणजे ती म्हणेल, 'बाग काय, इथून दोन तासांवर आहे की!' इतकी अक्कल वापरून मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. गावाकडच्या माणसाला घराची ओढ लागली की त्याला घरासारखं काही दाखवू नये, हे कोथरूडच्या इमारतीत वाढलेल्या मुलीला कोण सांगणार?

बरोबर मंदार आणि पल्लवी होते. मंदार आमच्या टिलबर्गच्या वर्गातला, आता हूफडॉर्पला नोकरीला. पल्लवी त्याची बायको, लग्नानंतर नागपूरहून आलेली. मंदारनं सहलीचं एक्सेल केलं होतं. त्यात 'सूर्यास्त पाहणे' या रकान्यापुढे पंचवीस मिनिटं लिहिलेली होती. पल्लवीनं भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि लहान कुकर आणला होता. पिसाच्या विमानतळावर गाडी भाड्यानं घेतली आणि पहिल्या चढालाच आमच्या लक्षात आलं की सपाट देशात राहून आपण सगळेच चढण विसरलोय. मंदारचा पाय क्लचवर थरथरत होता. मागून आशू म्हणाली, "आमच्या अण्णांचा ट्रॅक्टर बरा होता."

ती गावं. आज डोळे मिटले तरी ती एकामागून एक येतात आणि कुठलं कोणतं हे मला सांगता येत नाही. प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर एक गाव, भोवती भिंत, आत दगडी बोळ. बोळ इतके उभे की पुढच्याच्या टाचा बघत चालायचं. दोन खिडक्यांमध्ये दोरी आणि तिच्यावर कुणाच्या तरी घरच्या चादरी. दुपारी सगळं बंद, फक्त एखाद्या घरातून ताटल्यांचा आवाज आणि टोमॅटो शिजल्याचा वास. चौकातल्या बाकावर चार म्हातारे, न बोलता बसलेले. घंटा वाजली की चौघेही घड्याळाकडे बघायचे. दगडाला दिवसभर इतकं ऊन मिळायचं की संध्याकाळी भिंतीला पाठ टेकली तरी ऊब यायची. आम्ही डच उन्हाळ्यातली माणसं, मांजरासारखी त्या भिंतींना टेकून बसायचो.

मी आशूवर सारखी नजर ठेवून होते. हे तिला आवडतंय का, ते तिला आवडतंय का. सातशे-आठशे वर्षांपूर्वीचं चर्च दाखवावं, तर ही चर्चच्या मागच्या कठड्यावरून वाकून खाली दरीत बघतेय. खाली वेलींच्या ओळी.

"आशू, अगं भित्तिचित्रं बघ ना."

"बघितली की. केतकी, दोन ओळींत आठ फूट आहे बघ. आणि मांडव नाही. नुसत्या तारा. कमरेएवढ्या उंचीवर घड. ह्यांची मान दुखत नसणार."

तिच्या गावी वेली मांडवावर चढवतात. घड डोक्यावर लोंबतात, आणि बायका दिवसच्या दिवस हात वर करून काम करतात. तिची आई रात्री मानेला तेल लावून घ्यायची, तेही तिनं तिथंच सांगितलं. मला भित्तिचित्रांचा अपमान झाल्यासारखं वाटलं. तिला मात्र ती मानेची गोष्ट फार महत्त्वाची वाटत होती.

वाइन चाखायला गेलो तिथली तर वेगळीच तऱ्हा. मंदार ग्लास गरगर फिरवून 'लाकडाचा वास येतोय' म्हणत होता. पल्लवी पीत नाही, तिनं चीजवर चटणी लावून खाल्ली आणि मालकालाही खायला घातली. आशूनं ग्लास नाकापाशी नेला, बराच वेळ तसाच धरला आणि खाली ठेवला. "अण्णांना सांगायची सोय नाही. त्यांच्या द्राक्षाला कुणी दारू म्हटलं तरी ते जेवत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "पण वास बेदाण्याच्या शेडसारखा येतोय गं. एप्रिलात येतो तसा." मी घाईघाईनं विषय बदलला. हूफडॉर्पला नवीन घरं होताहेत, आपल्याही भागात बाल्कनीवाला मोठा फ्लॅट बघू, असं काहीतरी बोलत सुटले. ती 'हं' म्हणाली.

आम्ही उतरलो होतो एका शेतावरच्या घरात, मॉन्तेपुल्चानोपासून थोडं बाहेर. मालक एन्झो, सत्तरी ओलांडलेला, आणि त्याची बायको लुचिया. पहिल्या संध्याकाळी पल्लवीनं पिठलं केलं. लुचिया पातेल्यात डोकावली आणि तिला ती त्यांच्याकडची मक्याची लापशी वाटली. तिनं चमचाभर खाल्लं, डोळ्यांतून पाणी आलं, मग दुसरा चमचा घेतला. तिथून पुढे आम्ही पाहुणे राहिलो नाही. पाचव्या दिवशी एन्झोनं खुणा करून विचारलं, उद्या सकाळी तोडणी आहे, गंमत म्हणून येता का? मंदारनं एक्सेल उघडलं. आशू आधीच 'सी, सी' म्हणाली होती.

ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. धुकं खाली दरीत भरलेलं आणि आम्ही त्याच्या वर. वेलींची पानं नुकतीच कडेनं तांबडी व्हायला लागलेली. एन्झोच्या नात्यातले आठ-दहा जण ओळींत पांगले आणि खटाखट घड तोडून क्रेटमध्ये टाकायला लागले. टाकायला म्हणजे अक्षरशः टाकायला. गप्पा मारत, एकमेकांना चिडवत. आम्हालाही कात्र्या दिल्या. मी आणि मंदार पंधरा मिनिटांत घामाघूम झालो. पल्लवी निम्मी द्राक्षं खातच होती.

आणि आशू? ती पहिल्याच वेलीपाशी होती. एका हातानं घडाचा देठ धरून, दुसऱ्या हातानं कात्री लावून, तिनं घड अलगद कापला. उन्हाकडे धरून फिरवला. कात्रीच्या टोकानं एक सुकलेला मणी काढला, मग एक फुटका. मण्यांना बोट न लावता तो घड तिनं क्रेटच्या तळाशी ठेवला, देठ वर करून. त्याच्या शेजारी दुसरा. दुसऱ्याशेजारी तिसरा. एकावर एक नाही, एकच थर. क्रेटच्या तळाशी तिनं आपला स्कार्फ अंथरला होता.

शेजारच्या ओळीतल्या बाईनं बघितलं आणि हसायला लागली. तिनं दुसरीला दाखवलं. मग सगळेच हसायला लागले. एन्झो आला, क्रेटमध्ये बघितलं आणि तोही गुडघ्यावर हात मारून हसला. दोन्ही मुठी एकमेकींवर आपटून त्यानं दाखवलं: अगं बाई, ही चिरडायची आहेत! दुपारपर्यंत यांचा चेंदा होणार आहे!

आशू गोरीमोरी झाली. मला म्हणाली, "माहितीय गं मला. माहितीय. पण हात ऐकत नाहीत." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सात वर्षांत मी तिला रडताना दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा मला काय बोलायचं ते कळलं होतं.

एन्झोचं हसू थांबलं. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं कळत असावं. त्यानं तिच्या क्रेटमधला एक घड देठाला धरून, अगदी तिच्यासारखाच, उचलला. मग खिशातून बोटभर लांबीची एक नळी काढली. द्राक्षात साखर किती भरली हे बघायचं ते साधन. मण्याचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं आणि उन्हाकडे धरून दुर्बिणीसारखं बघायचं. तो ते दाखवणार एवढ्यात आशूनं त्याच्या हातातून नळी घेतली, मणी पिळला, थेंब टाकला, एक डोळा मिटून सूर्याकडे धरली. "चोवीस!" ती मराठीतच ओरडली. "केतकी, चोवीस! आमच्याकडं अठराला पोचली तरी अण्णा पेढे वाटतात." एन्झोला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. त्यानं एक मणी तोंडात टाकून बी चावली, तिलाही चावायला लावली. आमच्याकडे बिनबियांची द्राक्षं. तिनं तोंड वाकडं केलं. मग ती दोघं ओळीच्या टोकापर्यंत गेली. तो इटालियनमध्ये बोलत होता, ती तासगावच्या मराठीत. पानाची मागची बाजू दाखवणं, काडीवरच्या डोळ्यांवर, म्हणजे कोंबांच्या जागांवर, बोट ठेवणं, मातीचं ढेकूळ हातात फोडणं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही हे त्या दोघांच्या लक्षातही आलं नसावं.

मी कात्री हातात धरून उभी होते. इतका सुंदर चेहरा मी तिचा पाहिला नव्हता. टिलबर्गला डिग्री घेताना नाही, पहिल्या पगाराला नाही, माझ्याबरोबर तर नाहीच. मला जे वाटलं त्याला मत्सर म्हणतात हे मला तेव्हाही कळलं होतं. सांगायला मात्र पाच वर्षं लागली.

त्याच संध्याकाळी मंदार-पल्लवी बाजारात भटकत होते आणि आम्ही दोघी गावाच्या तटावर बसलो होतो. ऊन उतरलं होतं, पायाखालचा दगड अजून गरम. खाली अख्खी दरी, ओळी ओळी, आणि कुठेतरी क्रेटांनी भरलेला ट्रॅक्टर घरी चाललेला. आशूचे हात रसानं काळे-जांभळे झाले होते. तिनं ते मांडीवर उताणे ठेवले होते.

"काय करू गं मी, केतकी?"

हेच ऐकायला मी सहल काढली होती. माझं उत्तर तयार होतं. दोन अक्षरांचं. राहा. त्याच्यामागे हवी तेवढी कारणंही तयार होती, मंदारच्या एक्सेलसारखी रकान्यांत बसवलेली. पण मी तिच्या त्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुला काय वाटतं?"

ऑफिसात मीटिंगमध्ये विचारतात तसा प्रश्न. सगळं तोंडावर बोलणाऱ्या लोकांच्या देशात सात वर्षं राहून मला माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला एक शब्द तोंडावर बोलता आला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. वाट बघत होती का? तेव्हा मला वाटलं, ती विचार करतेय. मग खाली बघत ती म्हणाली, "जावं लागेल असं वाटतंय." मी म्हणाले, "मग जा." आणि वर, "छान वाटतंय मला, खरंच." इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर ती गेली. तिच्या अण्णांनी त्या वर्षी छाटणी तिच्यासाठी पंधरा दिवस थांबवून धरली होती. जायच्या आधी आम्ही दोघी खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन तिचं नाव या गावातून काढून आलो. खिडकीपलीकडच्या बाईनं हसतमुखानं विचारलं, 'कायमचं?' आशूनं मान डोलावली. बाईनं तिला शुभेच्छा दिल्या. घरी येताना आम्ही दोन सायकलींवर शेजारी शेजारी होतो.

तिच्या खोलीत आता माझं टेबल आहे. बाकी काही नाही. मंदार-पल्लवीला मुलगी झाली. तिच्याशी मराठीत बोललं की ती डचमध्ये उत्तर देते, आणि तिला 'आशूमावशी' म्हणजे फोनमधली बाई वाटते. आशू फोन करते. पहिल्या वर्षी रोज, मग आठवड्याला, मग छाटणी, फवारणी, तोडणी यांच्यामधल्या फटीत. फोटो पाठवते: मांडवाखाली हात वर केलेल्या बायका, त्यांत ती कुठली हे शोधावं लागतं. 'ये की गं,' म्हणते. मी 'येते' म्हणते. भारतात जाते तेव्हा पुण्यापर्यंत जाते. तिथून तासगाव लांब नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण तिथं जाऊन तिचा तो चेहरा पुन्हा बघायचा, आणि तो माझ्यावाचून तसा आहे हे बघायचं, याची माझी तयारी होत नव्हती. त्यापेक्षा मी मनाशी एक पक्कं करून टाकलं होतं: मी काही बोलले असते तरी ती गेलीच असती. बापाची बाग होती. माझ्या एका शब्दानं काय होणार होतं? पाच वर्षं मी या विचारावर झोपत आले.

गेल्या आठवड्यात तिचा एक व्हिडिओ आला. त्यांच्या गावात बागाइतदारांचा मेळावा होता, त्यात तिचा सत्कार झाला. हिरव्या साडीत, कपाळावर टोपीचा वळ उमटलेली आशू माइकसमोर उभी. परदेशातली नोकरी सोडून परत कशी आलीस, असं कुणीतरी तिला विचारलं असावं. ती म्हणत होती, "माझी एक मैत्रीण आहे, केतकी. पुण्याची. तिला द्राक्षातलं काही कळत नाही." लोक हसले. "पण तिला माझ्यातलं कळत होतं. माझं ठरत नव्हतं तेव्हा ती मला इटलीला घेऊन गेली. ऐन तोडणीत नेऊन उभं केलं. राहा म्हणाली नाही, जा म्हणून ढकललं नाही. माझं मला कळू दिलं. अशी माणसं मिळायला नशीब लागतं."

मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग फोन पालथा घालून ठेवला आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. बाजारातून आले, सफरचंदं ओट्यावर ठेवली, अंगातलं जॅकेटही न काढता तिला फोन लावला. तिकडे दुपार होती. मागे पंप चालू होता आणि बायकांचे आवाज.

"बघितलास का?" ती म्हणाली. "रडलीस ना? मला वाटलंच."

"आशू, ऐक. तू बोललीस ते खरं नाहीये. मी तुला तुझं तुला कळावं म्हणून नेलं नव्हतं. अडवायला नेलं होतं. तू राहावीस म्हणून. ती अख्खी सहल त्यासाठीच होती."

पंपाचा आवाज लांब गेला. ती चालत कुठेतरी बाजूला गेली असावी.

"मग बोलली का नाहीस?"

"तू राहिली असतीस?"

"राहिले असते की," ती म्हणाली. जरासुद्धा थांबली नाही. "तटावर बसून मी दुसरं काय विचारत होते? एकदा म्हणाली असतीस तर राहिले असते."

म्हणजे होणार होतं. माझ्या एका शब्दानं होणार होतं.

"तुझे हात बघितले मी," मी म्हणाले. "मग मला बोलता येईना."

मग तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. मला ऐकायचंय."

भर अकरा वाजता, जॅकेट घालून, स्वयंपाकघरात उभी राहून मी मोठ्यानं म्हणाले, "आशू, राहा."

"नाही गं," ती म्हणाली. आणि मग आमच्यापैकी कुणीच फोन ठेवेना.